लोटनच्या तोंडावरची पट्टी

फोटोवाल्याला लोक दोन वेळा बोलावतात, लग्न असलं की आणि कोणी मेलं की. जीवराम पाटलानं मला तिसऱ्याच कामाला बोलावलं. त्याला सख्ख्या भावाचं तोंड उघडं करून हवं होतं, आणि ते झाकलंही त्यानंच होतं.

मी तोताराम. जळगावात स्टेशनच्या अंगाला माझं फोटोचं दुकान. १९३७ सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी धरणगावकडचा कौतिक पाटील दुकानात आला आणि टोपी काढून उगाचच मांडीवर झटकत बसला. माणूस टोपी झटकू लागला की समजावं, काम सरळ नाही.

"तोतारामभाऊ, मना मेव्हनाना घर एक फोटो शे. तुम्हनाच हातना," तो म्हणाला. "त्यानावर कागदनी पट्टी चिकटाडेल शे. ती काढनी शे. पन खालनं तोंड जावाले नको."

मेव्हणा म्हणजे जीवराम पाटील. फोटो मला लगेच आठवला. १९१९ सालची गोष्ट. बडी लढाई संपली होती आणि एक गोरा साहेब त्यांच्या गावच्या आमराईत तंबू ठोकून चार दिवस राहिला होता. जीवराम आणि त्याचा धाकटा भाऊ लोटन, दोघांनी त्याची दूध-कोंबड्यांची बडदास्त ठेवली. साहेब खूश झाला आणि फोटोला बसायला कबूल झाला. मधे खुर्चीवर साहेब, एका अंगाला जीवराम, दुसऱ्या अंगाला लोटन, दोघांच्या डोक्यांना कोरे फेटे, आणि पायाशी साहेबाचा कुत्रा. हलू नका असं मी तिघांना बजावलं, कुत्र्याला कोण बजावणार? त्यामुळे फोटोत कुत्र्याला दोन डोकी आली. त्या दिवशी तेवढा कुत्राच स्वतःसारखा वागला, बाकीचे तिघे लाकडासारखे बसले होते.

दोन भावांमध्ये तेव्हा सुई शिरायला जागा नव्हती. आई लवकर गेली, तेव्हा जीवराम चौदा वर्षांचा आणि लोटन पाचचा. थोरल्यानंच धाकट्याला ताटात घेऊन वाढवलं. मग १९२३ साली पोळा आला. वेशीतून पहिला जायचा मान जीवरामच्या बैलाचा. त्या वर्षी ढोल जरा जास्त वाजले, लोटनचा बैल बिचकला आणि तोरणाखालून आधी निघून गेला. बैलाला मानपान कळत नाही, हे कळायला माणसाला थोडी अक्कल लागते. जीवरामनं भर वेशीत भावाच्या कानाखाली वाजवली. लोटननं हात उचलला नाही, फक्त म्हणाला की आजपासून तुझा माझा उंबरा वेगळा. तो गावच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

जीवराम घरी आला, ओसरीतला फोटो खाली ओढला. त्यात चौकटीची काच फुटली. मग त्यानं पंचांगातलं पोळ्याच्या अमावास्येचं पान काढलं, त्याचा चौकोन कापला आणि लोटनच्या तोंडावर चिकटवून टाकला. फोटो पुन्हा दारासमोरच्या भिंतीवर लावला, बिनकाचेचा. एवढ्यावर राग शमला असता तर तो जीवराम कसला? त्यानं दरवर्षी पोळ्याला, बैल ओवाळून झाले की, नव्या पंचांगातली अमावास्या कापून जुन्या पट्टीवर नवी पट्टी चढवायचा नेम धरला. आमच्याकडे माणसं एकादशीचा नेम मोडतात, पण वैराचा मोडत नाहीत.

"आनि आत्तेच काढानी बुद्धी कशी सुचनी?" मी कौतिकला विचारलं.

कारण सुगंधा. जीवरामची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. दोन ठिकाणं जमता जमता मोडली होती. आता शिंदखेड्याच्या झुलाल पाटलाच्या घरचं स्थळ आलं होतं, जमीन काळी, मुलगा शिकलेला आणि मुख्य म्हणजे मुलीला पसंत. पण झुलाल पाटलानं एक अट घातली होती. ज्या घरात भाऊ भावाचं तोंड बघत नाही, त्या घरची मुलगी आम्हांला नको. साखरपुड्याला दोन्ही भाऊ एका पंगतीला दिसले पाहिजेत. जीवरामनं नाक मुठीत धरून कौतिकला लोटनकडे पाठवलं. लोटननंही नेमकी अडचण ओळखली आणि निरोप दिला, "फोटोमा मनं तोंड उघडं दिसी, तव्हयच मी उंबरा वलांडसू. दुसरा फोटो नको. तोच."

साखरपुड्याला आठ दिवस उरले होते.

मला खरं तर हसू आलं, पण आलं तसं गेलं. कारण कौतिकनं साधा प्रश्न विचारला: फोटो काढताना कॅमेऱ्यात घालता ती मूळ काच तुमच्याकडे असेल, तिच्यावरून नवा फोटो नाही का निघायचा? लोटनला कळणारही नाही. युक्ती चांगली होती. पण त्या काळात आम्ही फोटोवाले जुन्या काचा गरम सोड्याच्या पाण्यात टाकत असू, वरचा थर सोलून काढत असू आणि कोरी काच कंदीलवाल्याला देत असू. साहेब, जीवराम, लोटन आणि दुडोक्या कुत्रा माझ्याच हातांनी मोरीतून वाहून गेले होते. हे मी कौतिकला सांगितलं नाही. काच फुटली, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाडीनं धरणगाव आणि तिथून बैलगाडीनं गाव गाठलं. जीवराम पाटील दारातच उभा होता, पन्नाशी ओलांडलेला, ताठ, गालात तंबाखूची गोळी. त्यानं मला रामराम केला आणि भिंतीकडे बोट दाखवून बाजूला झाला, घरात साप निघाला की सापवाल्याला दाखवतात तसा.

फोटो खाली घेतला. पट्टी कसली, चांगला भाकरीएवढा जाड उंचवटा झाला होता. त्याच्या एका कडेला जीवरामनं आधीच चाकू घालून पाहिला होता, आणि तिथली साहेबाच्या खुर्चीची मूठ गेली होती. दुसऱ्या कडेला रॉकेलचा वास येत होता. गावात आणखीही सल्ले तयार होते. कोणी लिंबू म्हणत होता, कोणी ताक, आणि शेजारच्या म्हातारीचा वाफेवर फार भरवसा होता. भाकरीच्या तव्यावर पाणी टाकून वर फोटो धरा, म्हणाली, कागद आपोआप गळून पडेल. मी म्हटलं, "आजी, कागद पडेलच, पण लोटनभाऊ त्याच्याबरोबर चुलीत पडतील."

फोटोच्या अंगावर जो चकचकीत थर असतो ना, तोही एक प्रकारचा सरसच. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. थंडीत धरून राहतो, गरम झाला की वितळतो. त्यामुळे पट्टी सरसानं लावलेली असेल तर संपलंच. जे औषध वरच्या सरसाला सोडवेल, ते खालच्या तोंडालाही सोडवेल.

"कशानं चिकटवली?" मी विचारलं.

"सरस शे," जीवराम छाती काढून म्हणाला. "सुतारकडथून खास आनेल. साधी खय लावसू तर मी जीवराम कसाना?"

मी फोटो खाली ठेवला. आतल्या दाराशी सुगंधा उभी होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. जीवरामचा मला त्या क्षणी इतका राग आला की उठून जळगावची वाट धरावी वाटलं. मोठ्यांनी चौदा वर्षं मिशा पिळायच्या आणि लग्न मोडायचं पोरीचं.

पाणी प्यायला म्हणून मी मागच्या पडवीत गेलो. जीवरामची बायको कमलबाई तिथं होती. तिनं आधी ओसरीकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाली, "दादा, सरस बिरस काही नही शे त्यामा. पहिलाच साले मी ते उकिरडावर फेकी दिधं. दरसाल गहूना पिठनी खय करी देस. त्यास्ले सांगू नका."

"का फेकलंत?"

"आज ना उद्या काढनी पडीच," ती म्हणाली आणि तांब्या घासू लागली.

चौदा वर्षं हा माणूस स्वतःच्या रागाची मजबुती गावाला सांगत होता, आणि ती बाई दर पोळ्याला साध्या पिठाची खळ शिजवून त्याच्या हातात देत होती. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो. ओसरीत येऊन गंभीर तोंडानं जीवरामला सांगितलं, सरस फार चिवट आहे, पण प्रयत्न करून पाहू. त्यावर त्याला बरं वाटलं.

काम सुरू केलं. थंड पाण्यात टीपकागद भिजवायचा, पिळून जवळजवळ कोरडा करायचा, पट्टीवर ठेवायचा आणि शंभर आकडे मोजायचे. मग वरचा एकच थर हाडाच्या पातळ पात्यानं उचलायचा. ओढायचा नाही. जिथं अडेल तिथं थांबायचं आणि पुन्हा टीपकागद ठेवायचा. पाणी जास्त झालं तर खालपर्यंत मुरेल आणि तोंड फुगेल. कमी झालं तर कागद फाटेल. जीवराम शेजारी बसून बघत होता आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होता, "जरासं जोर लावा ना." मी त्याला म्हटलं, पाटील, जोर तुम्ही चौदा वर्षं लावलात, आता मला माझ्या पद्धतीनं करू द्या.

एकेक अमावास्या निघू लागली. त्या मी ताटात ओळीनं वाळत टाकत गेलो. संध्याकाळी मोजल्या तर चौदा भरल्या. १९२३ ते यंदापर्यंत पोळे मात्र पंधरा झाले होते. मी म्हटलं, एक थर कमी भरतोय, फाटून गेला की काय. जीवराम उठला आणि बैलांना वैरण टाकायची म्हणून बाहेर गेला. बैलांपुढे वैरण होतीच.

कमलबाईनं उत्तर दिलं. ज्या वर्षी लोटन मुदतीच्या तापानं एकवीस दिवस पडला होता, त्या पोळ्याला यांनी खळ मागितलीच नाही. तो उठून बसल्याचं कळलं आणि पुढच्या पोळ्यापासून पुन्हा सुरू. म्हणजे भाऊ जगला म्हणून वैर पुढे चालू ठेवता आलं, याचा आनंदच झाला असणार.

कागद सगळा निघाला, पण तोंड दिसेना. सगळ्यांत खालची खळ वाळून पापडासारखी कडक झाली होती, तिचा पिवळट पांढरा थर लोटनच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बसला होता. पाण्यानं ती नुसती चिकट होई, सुटत नसे. खरवडली तर तोंड जाणार. खरा कस इथंच होता, आणि त्यावरचं औषध मला ठाऊक होतं. पण ते सांगायची लाज वाटत होती.

औषध म्हणजे थुंकी. हसू नका. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागू लागतो की नाही? तोंडातली लाळ पिठाला विरघळवते. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर ओला करायचा आणि खळीवरून हलकेच फिरवायचा. घासायचा नाही, फक्त लाटायचा. खळ सुटते आणि फोटोच्या थराला काही होत नाही. माझ्या उस्तादानं मला हे कानात सांगितलं होतं, कारण गिऱ्हाईकापुढे सांगायची ही विद्या नव्हे.

घरात कापसाला तोटा नव्हता. सुगंधानं तुरीच्या काड्या सोलून आणल्या. मी एक बोळा तयार केला, सगळ्यांना काय करणार ते सांगितलं आणि बोळा तोंडाकडे नेला.

"थांबा," जीवराम म्हणाला.

मला वाटलं, त्याला भावाच्या तोंडावर थुंकायची ही संधी स्वतःला हवी आहे. त्याच्या डोळ्यांवरून तसंच वाटत होतं. पण तो माझा हात धरून म्हणाला, "परकानं उष्टं मना भाऊना तोंडले लागाव नही."

कमलबाई पदर तोंडाशी नेऊन आत वळली. चौदा वर्षांत "मना भाऊ" हे दोन शब्द त्या घरानं ऐकले नव्हते. आणि ते निघाले ते माझ्या थुंकीची किळस येऊन. माणसाचं प्रेम कोणत्या वाटेनं बाहेर येईल याचा नेम नाही, पण एवढ्या वाकड्या वाटेनं आलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मग कोणाचं चालेल?" मी विचारलं.

"मनं. धाकला व्हता तव्हय मनाच ताटमा जेवे तो. मनं उष्टं त्याले नवं नही."

मी त्याच्या गालातल्या गोळीकडे पाहिलं. तंबाखू आणि चुन्याची थुंकी कपाळावर फिरली असती तर लोटन तांबडा झाला असता. मी स्पष्ट सांगितलं, तोंड दोन दिवस कोरं पाहिजे. तंबाखू नाही, चुना नाही, सुपारी नाही. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं चूळ.

हे ऐकून कौतिकनं कपाळाला हात लावला. जीवरामनं वयाच्या बाराव्या वर्षी तंबाखू धरली होती आणि वैद्यानं सोडायला सांगितल्यावर वैद्य सोडला होता. पण त्यानं चंची काढली, कौतिकच्या हातात दिली आणि म्हणाला, मी मागितली तरी देऊ नको. मग दोन दिवस तो ती मागतच होता. गड्यांवर ओरडला, मांजरीवर ओरडला, आणि मी नुसता बसून आहे म्हणून माझ्यावरही ओरडला. दुसऱ्या दिवशी कौतिक चंची घेऊन सरळ धरणगावला निघून गेला, तेव्हा कुठे घर जरा शांत झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीवराम आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोटोसमोर बसला. नांगर धरून राठ झालेला हात, त्यात तुरीची काडी. मी पहिल्यांदा त्याचं मनगट धरून दाखवलं, मग सोडून दिलं. तो बोळा जिभेवर ओला करी, खळीवर अलगद फिरवी, टाकून देई, आणि नवा घेई. घाई त्यानं एकदाही केली नाही. हाच माणूस दोन दिवसांपूर्वी मला जोर लावा म्हणत होता.

आधी फेट्याची कड निघाली. मग मिशीचं टोक. दुपारच्या सुमाराला डावा डोळा उघडा झाला आणि जीवरामचा हात थांबला.

"दखी ऱ्हायना," तो म्हणाला.

"फोटो आहे पाटील, तो बघणारच."

"नही. मना कडेच दखस."

सुगंधानं वाकून पाहिलं. समजू लागल्यापासून काकाला तिनं गावात लांबूनच पाहिलं होतं, त्याचं तरुण तोंड तिला आठवतही नव्हतं. "काका त आबासारखाच दिसस," ती बापाकडे बघत म्हणाली. जीवरामनं नवा बोळा घेतला.

दिवस मावळायच्या आत सगळी खळ निघाली. कपाळावर एवढासा ओरखडा सोडला तर लोटनच्या तोंडाला काही झालं नव्हतं. मी स्वच्छ टीपकागद लावून ओल टिपून घेतली आणि फोटो उजेडात धरला. मग मला जे दिसलं, ते मला आधीच सुचायला हवं होतं.

अठरा वर्षं तो फोटो दारासमोर होता, त्यातली चौदा काचेशिवाय. रोजचं ऊन, चुलीचा धूर, देवापुढची उदबत्ती, आणि शिमग्याला होळीचा धूर वेगळाच. साहेबाचा नुसता कोट उरला होता. आत माणूस असल्याची फक्त खूण होती. गावातले लोक म्हणत, मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं म्हणून साहेब फिका पडला. कुत्र्याची दोन्ही डोकी गेली होती. जीवराम बसला होता तिथं चहा सांडल्यासारखा पिवळा डाग होता, आणि नीट न्याहाळल्यावर त्यात फेट्याची रेघ लागे. रोज बघणाऱ्यांना हे कळलंच नव्हतं, कारण झिजणं रोज थोडं थोडं होतं आणि पट्टीच्या ढिगाकडे सगळ्यांची नजर जाई.

आणि त्या सगळ्या पिवळटपणात लोटनचं तोंड काल धुऊन काढल्यासारखं काळंभोर, टवटवीत. ऊन नाही, धूर नाही. दरवर्षी थोरल्या भावानं न चुकता पांघरूण घातलं होतं.

जीवरामनं फोटो हातात घेतला. मग त्यानं बोटानं पिवळ्या डागावर स्वतःचं तोंड शोधलं. सापडलं नाही.

"तोतारामभाऊ, माले गडद करता ई का?"

"ब्रशनं रंगवता येईल. पण तो मी काढलेला माणूस असेल, तुम्ही नाही."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मग त्याले थोडं फिकं करता ई?"

येत होतं. माझ्या पेटीत त्याचं औषध होतं. एक थेंब पाण्यात घालून ब्रश फिरवला की दहा मिनिटांत लोटन इतरांच्या रांगेला आला असता. मी तसं सांगितलं. कोणालाही कळलं नसतं, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं आणि मला त्याची थोडी गंमतही बघायची होती. आज त्याची लाज वाटते. जीवराम आपल्या बोटांकडे पाहत राहिला. दिवसभर ओले बोळे धरून ती पांढरी पडली होती.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि फोटो स्वतः भिंतीवर लावून आला.

साखरपुड्याला मी मुद्दाम थांबलो. घरात फोटो काढायचे आहेत, असं निमित्त सांगितलं. शिंदखेड्याची मंडळी सकाळच्या गाडीनं आली. झुलाल पाटील ओसरीत लोडाला टेकून बसला आणि त्याची नजर सरळ समोरच्या भिंतीवर गेली. जाणारच, त्या फोटोत दुसरं काही बघण्यासारखं उरलंच नव्हतं. साहेबाच्या खुर्चीशेजारी एवढा तेजदार माणूस पाहून तो खूश झाला आणि म्हणाला, "वा, जीवराम पाटील, तरनपनी मोठा रुबाब व्हता तुम्हना."

मी जीवरामकडे पाहिलं. हो म्हणायला त्याला काहीच अडचण नव्हती. दोघा भावांची चेहरेपट्टी एकच, आणि अठरा वर्षांनी कोण ओळखतो? शिवाय पाहुण्यांसमोर मुलीच्या बापाची छाती जेवढी मोठी, तेवढं बरं.

"तो मी नही," जीवराम म्हणाला. "तो मना भाऊ. येवालाच शे."

तेवढ्यात दारात सावली पडली. लोटन आला होता, पांढरे कपडे, पांढरी मिशी. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. झुलाल पाटील सावरून बसला, कमलबाई आतल्या दाराशी आली, आणि तिच्या मागे सुगंधा. मुलीनं दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं की आता जे काय व्हायचं ते त्या एका पावलावर आहे.

लोटननं भिंतीकडे पाहिलं. स्वतःचं तिशीच्या आतलं तोंड त्याला दिसलं. तो बघतच राहिला. त्याच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आलं, जिंकलेल्या माणसाचं. मग त्याची नजर शेजारी गेली, खुर्चीच्या पलीकडे, आणि तिथं काही सापडेना म्हणून पुन्हा खुर्चीवर आली आणि पुन्हा पलीकडे गेली. हसू मावळलं.

"भाऊ," तो म्हणाला. चौदा वर्षांत तो थोरल्याशी पहिल्यांदा बोलत होता. "तू कोठे शे?"

जीवराम उठून भिंतीपाशी गेला आणि त्यानं पिवळ्या डागावर बोट ठेवलं. "हाऊ."

"तुना तोंडले काय व्हयनं?"

"काय व्हवाव?" जीवराम म्हणाला. "तुनं झाकेल व्हतं. मनं उघडं व्हतं."

लोटननं उंबऱ्याबाहेर जोडे काढले आणि तो आत आला.